पैनगंगेपलीकडे

हिंगोलीहून वाशिमकडे निघालं की जिल्ह्याच्या टोकाला कनेरगाव नाका लागतो. आजच्या प्रवाशाला तो रस्त्यावरचा एक थांबा वाटतो. १९४८ साली या टापूत एक राज्य संपत होतं आणि दुसरं सुरू होत होतं. अलीकडे हैदराबादच्या निजामाची मोगलाई, पलीकडे इंग्रजी अमलातलं वऱ्हाड, आणि हद्दीचा बराचसा भाग आखणारी पैनगंगा. अलीकडे हाली सिक्का चालायचा, पलीकडे कलदार. सात हाली रुपये दिले की सहा कलदार मिळत. माल घेऊन कोणी हद्द ओलांडली की करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, शिपाई पोतं उघडायला लावायचा. तालुक्याच्या कचेरीत अलीकडे उर्दू चालायची. घरातली बोली मात्र दोन्ही तीरांवर मराठीच होती, आणि सोयरीकही दोन्ही तीरांवर होती. हिंगोलीची लेक वाशिमला, पुसदची कळमनुरीला हा नित्याचा व्यवहार होता.

या हद्दीची गंमत अशी की पलीकडचं वऱ्हाडसुद्धा कागदोपत्री निजामाचंच होतं. १८५३ च्या तहाने ते इंग्रजांच्या ताब्यात गेलं. १९०२ साली व्हाइसरॉय कर्झनने वर्षाला पंचवीस लाख रुपयांच्या बोलीवर ते कायमच्या पट्ट्याने घेतलं. मालकी निजामाची आणि कारभार नागपूरचा, असा हा मामला. १९३६ च्या करारानंतर निजामाचा थोरला मुलगा ‘प्रिन्स ऑफ बेरार’ म्हणवून घेऊ लागला. त्यामुळे १९४७-४८ साली परभणी जिल्ह्यातून जीव मुठीत धरून जे लोक वऱ्हाडात गेले, ते निजामाच्या राज्यातून निजामाच्याच नावे असलेल्या मुलखात गेले असं एखादा कायदेपंडित म्हणू शकला असता. पळणाऱ्याला त्याचं काही सोयरसुतक नव्हतं.

परभणी जिल्हा तेव्हा आजच्याहून बराच मोठा होता. हिंगोली, कळमनुरी, वसमत आणि परतूर त्यातच होते. परतूर १९८१ साली जालन्याकडे गेलं, हिंगोली १ मे १९९९ रोजी स्वतंत्र जिल्हा झाला. जिल्ह्याचा वरचा अख्खा काठ वऱ्हाडाला लागून होता. जिंतूरच्या बाजूने लोणार जवळ, हिंगोलीला वाशिम जवळ, कळमनुरीला पुसद-उमरखेड. नांदेड किंवा बीडच्या मधल्या गावातल्या माणसाला हद्द गाठायला दोन-तीन मुक्काम पडायचे. हिंगोलीकडच्या माणसाला एक रात्र पुरायची. या जिल्ह्याच्या वाट्याला १९४७ ते १९४९ या तीन वर्षांत जे आलं, त्यात या जवळिकीचा वाटा मोठा आहे.

राज्य केवढं, तेही सांगायला हवं. हैदराबाद संस्थानचं क्षेत्रफळ ८२ हजार चौरस मैलांच्या वर होतं. लोकसंख्या १९४१ च्या खानेसुमारीत दीड कोटीच्या पुढे, त्यात हिंदू सुमारे ८५ टक्के. जिल्हे सोळा: तेलंगणचे आठ, मराठवाड्याचे पाच, कर्नाटकाचे तीन. स्वतःचं चलन, स्वतःची रेल्वे, स्वतःचं टपाल आणि स्वतःची जकात. आपल्या राज्यातला माणूस कोण, हे ठरवणारा कायदासुद्धा त्या राज्याकडे होता. त्याला मुल्की नियम म्हणत. १९१९ च्या नियमांप्रमाणे सरकारी नोकरी हवी असेल तर माणूस मुल्की असायला हवा. बाहेरून आलेल्याने पंधरा वर्षं राज्यात राहून, परत जाण्याचा विचार सोडला असल्याचं लिहून दिलं तर तो मुल्की ठरायचा. नियमाचा जन्म उत्तर हिंदुस्थानातून येऊन वरच्या जागा पटकावणाऱ्या अंमलदारांवरच्या रागातून झाला होता. हा नियम पुढे निजाम गेल्यावरही टिकून राहिला.

हद्द ओलांडून आसरा घ्यायची सवय या राज्यातल्या लोकांना १९४८ च्या आधीच लागली होती. १९३७ साली परतूरला गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन भरलं, म्हणजे मराठवाड्यातल्या संघटित राजकारणाची पहिली मोठी सभा परभणी जिल्ह्यातच झाली. पुढच्याच वर्षी हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन होताहोताच तिच्यावर बंदी आली. त्याच हिवाळ्यात उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहातल्या मुलांनी ‘वंदे मातरम्’ म्हणायचा हट्ट धरला आणि त्यांना काढून टाकण्यात आलं. औरंगाबादच्या कॉलेजातही तेच घडलं. ही मुलं शिक्षणासाठी गेली नागपूरला. कुलगुरू केदार यांनी त्यांना नागपूर विद्यापीठाचे दरवाजे उघडून दिले. पुढे पंतप्रधान झालेले नरसिंह राव त्यांच्यातलेच एक. याच सुमारास, १९३८-३९ मध्ये, आर्य समाजाच्या सत्याग्रहात उलट दिशेची वाहतूक झाली. बाहेरून सत्याग्रहींच्या तुकड्या हद्द ओलांडून आत येत आणि तुरुंगात जात. सीमेवर शिबिर घालायचं आणि तिथून संस्थानात हालचाल करायची ही युक्ती दहा वर्षांनी पुन्हा कामी आली.

११ जून १९४७ रोजी निजामाने फर्मान काढलं: इंग्रज गेले की आपण स्वतंत्र. पाच-सहा दिवसांतच मुशीराबादला स्टेट काँग्रेसचं अधिवेशन भरलं आणि अध्यक्ष स्वामी रामानंद तीर्थ यांनी हिंदी संघराज्यात सामील होण्याची मागणी केली. ७ ऑगस्टपासून आंदोलन सुरू झालं, १५ ऑगस्टला हैदराबादेत तिरंगा लावला म्हणून स्वामीजींना अटक झाली. खेडोपाडी वकिलांनी कोर्टं सोडली, मुलांनी शाळा सोडल्या. शिंदीची झाडं तोडणं, धान्याची लेव्ही न देणं, पाटील-पटवाऱ्यांनी राजीनामे देणं आणि करोडगिरीचे नाके जाळणं ही या आंदोलनाची हत्यारं होती.

इथे एक गोष्ट नेहमी गाळली जाते. हद्द ओलांडणारे पहिले निर्वासित संस्थानातून बाहेर पडणारे नव्हते, ते आत येणारे होते. फाळणीच्या दंगलींनंतर मध्य प्रांत, वऱ्हाड, मुंबई इलाखा आणि त्याहूनही लांबून मुसलमान कुटुंबं निजामाच्या राज्यात येऊ लागली. घाबरलेल्या माणसाला मुसलमान राजाचं राज्य सुरक्षित वाटणं स्वाभाविक होतं. वऱ्हाडातून येणाऱ्याला पहिला जिल्हा लागायचा तो परभणी. सरकारने त्यांच्या निवाऱ्याची आणि मदतीची तजवीज केली. आलेल्यांच्या हालअपेष्टा खऱ्या होत्या. पण त्यांना आसरा देणाऱ्यांचा हिशेब निव्वळ दयेचा नव्हता. इत्तेहादुल मुसलमीन या संस्थानातल्या मुसलमानांच्या पक्षाच्या राजकारणात ‘अनल मलिक’ हा सिद्धान्त रुजला होता: संस्थानातला प्रत्येक मुसलमान हा राज्यकर्ताच आहे. राज्य पंधरा टक्क्यांहून कमी लोकांचं असेल तर बाहेरून येणारं प्रत्येक कुटुंब त्या टक्क्यांत भर घालतं. हिंदू पुढाऱ्यांनी नेमका हाच आरोप केला, की सरकार माणसं आणून लोकसंख्येचा तोल बदलू पाहत आहे. गावातल्या हिंदूला तर दिसत होतं एवढंच: आपल्याला सभा घ्यायची बंदी, आणि परक्या मुलखातून आलेल्याला जागा, धान्य आणि कधी हातात बंदूकही.

बंदुका वाटणारा माणूस लातूरचा वकील होता. कासिम रझवीने १९४६ च्या अखेरीस इत्तेहादची सूत्रं हाती घेतली आणि रझाकार ही स्वयंसेवकांची फौज वाढवली. २७ ऑक्टोबर १९४७ च्या पहाटे हैदराबादेत जमाव गोळा करून त्याने दिल्लीला निघालेलं निजामाचं शिष्टमंडळच अडवलं. राज्य कोण चालवतंय हे त्या दिवशी कळलं. पंतप्रधान छतारीचे नवाब पायउतार झाले, त्यांच्या जागी मीर लायक अली आले. २९ नोव्हेंबरला दिल्लीशी ‘जैसे थे’ करार झाला. सही होते न होते तोच हैदराबाद सरकारने दोन वटहुकूम काढले. संस्थानातून सोनंचांदी बाहेर न्यायला बंदी, आणि संस्थानात हिंदुस्थानचं चलन बेकायदा. दिल्लीने याकडे कराराचा भंग म्हणून पाहिलं. हिंगोलीच्या व्यापाऱ्यासाठी त्याचा अर्थ सरळ होता: जायचं तर डाग-दागिना नाक्यावर जप्त होणार आणि गाठीचे हाली रुपये पलीकडे बट्ट्यात जाणार.

तरी लोक गेले. १९४८ च्या उन्हाळ्यात सगळ्यात जास्त गेले. त्या वर्षी माघापासून ज्येष्ठापर्यंत परभणी, नांदेड, बीड, उस्मानाबाद या जिल्ह्यांत गावावर धाड पडली नाही असा आठवडा क्वचितच गेला असेल. रझाकार आणि त्यांच्याबरोबर कधी पोलीस गावात शिरत, पाटलाच्या गढीला वेढा पडे, खंडणी मागितली जाई, आणि नाही मिळाली तर घरं पेटत, माणसं मरत, बायकांवर अत्याचार होत. धाडीची बातमी शेजारच्या गावी पोचली की तिथल्या गाड्या जुंपल्या जात. जुनी माणसं सांगतात त्यात तपशील थोड्याफार फरकाने तेच असतात. ज्वारी पेवात घालून वर माती सारवायची. तांब्या-पितळेची भांडी परसात पुरायची. दागिने बाईच्या अंगावर, लुगड्याच्या आत. बैलांच्या गळ्यातल्या घागरमाळा काढून ठेवायच्या म्हणजे रात्री आवाज नको. दुभती म्हैस शेजारच्या कोणाकडे तरी सोडायची, आणि हा शेजारी कित्येकदा मुसलमान असायचा. नदीला पाणी कमी, पात्रातून गाडी जायची. मृग लागला की मात्र पैनगंगा भरायची आणि ही वाट बंद व्हायची. म्हणून ज्यांना निघायचं ते पावसाच्या आत निघाले.

दुसरा मार्ग आगगाडीचा. परभणी, मानवत रोड, सेलू, परतूर करत मीटरगेज मनमाडला जायची आणि मनमाड मुंबई इलाख्यात होतं. पूर्णेहून हिंगोलीला फाटा होता, पण तो हिंगोलीलाच संपायचा. वाशिमपर्यंतचे रूळ पुष्कळ नंतर पडले. २२ मे १९४८ रोजी गुलबर्ग्याकडच्या गाणगापूर स्टेशनवर रझाकारांनी मुंबईकडे जाणाऱ्या गाडीतल्या प्रवाशांवर हल्ला केला. त्यानंतर आगगाडीचीही धास्ती बसली.

कोण गेलं हे पाहिलं तर एक गोष्ट लगेच लक्षात येते. जाणाऱ्यांत गाडीबैलवाले, व्यापारी, वकील, पाटील-देशमुख, शिकलेली तरुण मुलं अधिक. पलीकडे सोयरे असतील तर पंधरा दिवस, महिना निभतो. ज्याचं पोट रोजच्या मजुरीवर, त्याला जायला गाडी नाही आणि गेल्यावर दार नाही. महार-मांग वस्त्यांतली बहुसंख्य माणसं जागेवरच राहिली. त्यांना रझाकारही आपल्याकडे ओढत होते आणि सवर्ण गावकरी त्यांच्याकडे संशयाने पाहत होते. नोव्हेंबर १९४७ च्या अखेरीस डॉ. आंबेडकरांनी पत्रक काढून हैदराबादच्या अस्पृश्यांना बजावलं होतं, की निजामाची आणि इत्तेहादची बाजू घेऊ नका. ते पत्रक परभणीच्या खेड्यात किती जणांच्या हाती पडलं असेल, हा प्रश्नच आहे.

पलीकडे वाशिम, उमरखेड, पुसद, लोणार या गावांत दोन तऱ्हेचे आश्रित एकाच वेळी येऊन राहत होते. एक होते शिबिरातले. स्वामीजी तुरुंगात असताना दिगंबरराव बिंदू यांच्या अध्यक्षतेखाली स्टेट काँग्रेसची कृती समिती बाहेरून लढा चालवत होती, आणि मनमाडपासून बार्शी-सोलापूरपर्यंत हद्दीवर तिचे कॅम्प होते. कॅम्पमधल्या तरुणांना बंदूक चालवायला शिकवत. रात्री नदी ओलांडून ते नाके आणि पोलीस चौक्या मारत. ३० जानेवारी १९४८ ला नांदेड जिल्ह्यातल्या उमरीची बँक लुटली गेली ती याच पद्धतीने, आणि त्याच संध्याकाळी दिल्लीत गांधीजींचा खून झाला. वसमतच्या महाविद्यालयाला ज्यांचं नाव आहे ते हुतात्मा बहिर्जी याच लढ्यातले. दुसरे आश्रित होते पोराबाळांसकट आलेले. धर्मशाळा, देवळाची ओसरी, जिनिंगचं रिकामं गोदाम, पाहुण्याचा सोपा मिळेल तिथे ते टेकले. त्यांच्यासाठी वाशिम-पुसदच्या लोकांनी धान्य गोळा केलं. याचा हिशेब कोणी ठेवला नाही, म्हणून आकडा सांगता येत नाही.

सरकारचं धोरण काय होतं? लिखित असं काहीच नव्हतं. नागपूरला रविशंकर शुक्लांचं आणि मुंबईला बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ होतं, आणि दोन्ही सरकारं कॅम्पकडे काणाडोळा करत होती. हैदराबाद सरकार तक्रार करी की तुमच्या हद्दीतून आमच्यावर धाडी पडतात आणि तुम्ही आमचा माल अडवता. दिल्ली उलट रझाकारांच्या अत्याचारांची यादी पुढे करी. या भांडणात निर्वासितांना स्वतंत्र नाव देणं दोघांनाही अवघड होतं. फाळणीनंतर सप्टेंबर १९४७ मध्ये दिल्लीत पुनर्वसनाचं खातं निघालं ते पश्चिम पाकिस्तानातून आलेल्यांसाठी. परभणीचा माणूस त्यात बसत नव्हता. त्याला परदेशातून आलेला निर्वासित म्हणावं तर निजामाचं स्वातंत्र्य मान्य केल्यासारखं होतं. नुसता एका प्रांतातून दुसऱ्यात आलेला म्हणावं, तर प्रांतातल्या प्रांतात माणूस करोडगिरीचा नाका ओलांडून जीव वाचवायला येत नाही. हा गुंता सुटायच्या आतच सैन्य हलवायचं ठरलं.

त्याआधी २१-२२ ऑगस्टच्या रात्री ‘इमरोज’चे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांचा हैदराबादेत खून झाला. भारतात विलीन व्हा असं ते उर्दूत लिहीत होते. निजाम सरकारने तोवर प्रकरण संयुक्त राष्ट्रांकडे नेलं होतं. सुरक्षा समितीची बैठक पॅरिसला १६ सप्टेंबरला भरली तेव्हा भारतीय फौजा तीन दिवसांपासून आत होत्या. १३ सप्टेंबरला कारवाई सुरू झाली. उत्तरेकडून मेजर जनरल ब्रार यांच्या फौजेने औरंगाबाद घेतलं, जालन्याकडे तुकड्या गेल्या. १७ तारखेला निजामाने शरणागती जाहीर केली. लोक याला आजही ‘अ‍ॅक्शन’ म्हणतात. परभणीची माणसं दिवाळीच्या आत गावी परतली. काहींची पेवं शाबूत निघाली, काहींच्या घराच्या जागी राख होती.

इथे बहुतेक पुस्तकं थांबतात. पण नदीवरची वाहतूक थांबली नाही, फक्त जाणारे बदलले. अ‍ॅक्शननंतरच्या आठवड्यांत मराठवाडा आणि कर्नाटकाच्या खेड्यांत मुसलमानांवर सूड उगवला गेला. रझाकार कोण आणि नुसता मुसलमान कोण हे पाहायला कोणी थांबलं नाही. नेहरूंच्या सरकारने पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांना पाहणीला पाठवलं. २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर १९४८ या काळात ते नऊ जिल्हे फिरले. त्यांचा सावध अंदाज असा की कारवाईच्या काळात आणि नंतर २७ हजार ते ४० हजार माणसं मेली. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांना सगळ्यात जास्त झळ बसली. परभणी त्या चौघांत नाही, पण नांदेड शेजारीच आहे आणि वसमत-पूर्णेहून नांदेडची वाट दिवसाभराची. याच अहवालात हेही आहे की कित्येक ठिकाणी हिंदूंनी शेजाऱ्यांना वाचवलं. हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांसाठी जीव धोक्यात घातला. हा अहवाल सरकारने दाबून ठेवला. सर्वसामान्य अभ्यासकाला तो दिल्लीच्या नेहरू स्मारक ग्रंथालयात पाहायला मिळाला तो २०१३ साली. पासष्ट वर्षं एक कागद लपवून ठेवल्याने कोणाची शांतता टिकली, हे सांगणं कठीण आहे. अफवांचं मात्र चांगलंच फावलं.

खेड्यातला मुसलमान पळाला तो हैदराबाद शहराकडे, कोणी मुंबईहून बोटीने कराचीला. जमीन गेली, दुकान गेलं. १९५० साली निर्वासितांच्या मालमत्तेचा केंद्रीय कायदा झाला आणि जो पाकिस्तानात गेला असं ठरलं त्याची मिळकत सरकारी कस्टोडियनच्या ताब्यात जायची तरतूद आली. नुसता शेजारच्या जिल्ह्यात जीव वाचवायला गेलेल्यालाही मग आपण परदेशी गेलो नव्हतो हे पटवून द्यायची पाळी यायची.

मेजर जनरल जयंतनाथ चौधुरी यांच्या लष्करी सरकारपुढे आता तोच जुना प्रश्न उलटा होऊन आला: इथला कोण आणि बाहेरचा कोण? १९४७ साली वऱ्हाडातून आलेल्या मुसलमान निर्वासितांना सरकारने परत पाठवायला घेतलं. निजामाने त्यांना ठेवून घेतलं होतं लोकसंख्येच्या हिशेबाने, नव्या सरकारने त्यांना काढलं सुरक्षेच्या हिशेबाने. ज्यांच्या भीतीने ते आले होते ती गावं कितपत शांत झाली, हे विचारायला कोणाला सवड नव्हती. मग अरब आणि पठाणांची पाळी आली. एकोणिसाव्या शतकापासून अरब शिपाई निजामाच्या चाकरीत होते. मराठवाड्यात गढ्यांवर जमादार म्हणून आणि सावकार म्हणून त्यांचा दरारा होता. रझाकारीतही त्यांतले काही पुढे होते. त्यांना पकडून देशाबाहेर घालवायचं ठरलं. पण तीन पिढ्या इथे जन्मलेला, बायको इथली, बोली दख्खनी, अरबस्तानातलं हद्रामौत कधी डोळ्यांनी न पाहिलेला माणूस कुठे पाठवायचा? तिकडे एडनचे इंग्रज अधिकारी त्यांना घ्यायला नाखूश होते. टेलर शर्मन या इतिहासकार बाईंनी २०११ साली हैदराबादच्या स्थलांतरावर लिहिताना हे सगळं कागदपत्रांतून बाहेर काढलं आहे. भारताचं नागरिकत्व म्हणजे काय, हे राज्यघटना लागू व्हायच्या आधीच हैदराबादच्या कचेऱ्यांत माणसागणिक ठरवलं जात होतं, हे त्यातून दिसतं.

कागदावरचे नियम त्यानंतर आले. २६ जानेवारी १९५० ला राज्यघटना आली, तिने पाकिस्तानातून आलेल्यांसाठी परवाना पद्धत सुरू झाल्याची १९ जुलै १९४८ ही तारीख धरली. २८ जुलै १९५१ ला जिनिव्हात निर्वासितांचा आंतरराष्ट्रीय करार झाला. आपल्या देशाबाहेर पडलेला आणि परत जायला भिणारा माणूस म्हणजे निर्वासित, अशी त्याची व्याख्या. सुरुवातीला तो मुख्यतः महायुद्धानंतरच्या युरोपासाठी होता, १९६७ साली जगाला लागू झाला. भारताने त्यावर सही केलेली नाही. १९५४ साली आपल्या संसदेने विस्थापितांच्या नुकसानभरपाईचा कायदा केला, तोही पश्चिम पाकिस्तानातून आलेल्यांपुरता. यातल्या कुठल्याच व्याख्येत पैनगंगा ओलांडणारा हिंगोलीचा वाणी बसत नाही, वाशिमचा मुसलमान शेतकरीही बसत नाही.

व्याख्या असली म्हणून सगळं सुरळीत होतं असंही नाही. जिनिव्हा करारावर पहिली सही केलेल्या देशांत डेन्मार्क होता. २०१५ च्या सुमारास सीरियाहून लोक आले तेव्हा त्याच देशाने जानेवारी २०१६ मध्ये कायदा केला, की आश्रय मागणाऱ्याकडे दहा हजार क्रोनरहून अधिक किमतीचा ऐवज असेल तर सरकारने तो घ्यावा आणि त्याच्या खर्चाला वळता करावा. लग्नाच्या अंगठीसारख्या भावनिक मोलाच्या वस्तू तेवढ्या सोडल्या. २०१९ साली तिथल्या धोरणाचा सूरच पालटला: आश्रय तात्पुरता, हेतू परत पाठवण्याचा. दमास्कसचा परिसर आता सुरक्षित आहे म्हणत सीरियन कुटुंबांचे परवाने रद्द होऊ लागले. २०२१ साली अर्जदाराला युरोपाबाहेरच्या देशात ठेवून त्याचा अर्ज तपासता यावा असाही कायदा झाला. तिथे निदान माणूस कोर्टात जाऊ शकतो, वर्तमानपत्रं आरडाओरडा करतात. लायक अलींच्या वटहुकुमाविरुद्ध दाद कुठे मागायची? पण परतण्याजोगी शांतता झाली की नाही हे आश्रय देणारं सरकार ठरवतं, आणि परतणाऱ्याला ते शेवटी विचारतं, हे १९४८ च्या परभणीत आणि २०१९ च्या कोपनहेगनमध्ये सारखंच आहे.

परभणीच्या काठावरच्या लोकांची सोय एका वेगळ्याच गोष्टीने झाली: हद्दच पुसली गेली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचनेत मराठवाडा आणि वऱ्हाड दोन्ही द्विभाषिक मुंबई राज्यात आले. पैनगंगेचे दोन्ही तीर एका सरकारखाली आले. मुल्की नियम मात्र तेलंगणात आणखी पंधरा-सोळा वर्षं धुमसत राहिले. १९७२ साली सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवले, मग आंध्रात आंदोलन पेटलं आणि पुढे ते रद्द करावे लागले. कासिम रझवी १९५७ साली सुटला. अट अशी की अठ्ठेचाळीस तासांत पाकिस्तानला जायचं. ज्याच्यामुळे हजारो घरं रातोरात रिकामी झाली त्याला कराचीत रीतसर आश्रय मिळाला. १९७० साली तो तिथेच वारला.

वसमत तालुक्यातल्या कुरुंद्याचे नरहर कुरुंदकर १९४८ साली सोळा वर्षांचे होते. पुढे त्यांनी ‘हैदराबाद : विमोचन आणि विसर्जन’ लिहिलं, अनंत भालेरावांनी मराठवाड्याच्या लढ्याचा मोठा इतिहास लिहिला. स्वामीजींच्या आठवणी आहेतच. ही सगळी लढणाऱ्यांची पुस्तकं आहेत आणि ती तशी असणं साहजिक आहे. सरकारनेही लढणाऱ्यांचीच नोंद घेतली. १९८५ साली हैदराबादच्या लढ्याला स्वातंत्र्यसैनिक पेन्शनच्या योजनेत मान्यता मिळाली आणि हद्दीवरच्या कॅम्पांची यादी तयार झाली. कॅम्पमध्ये होतो हे दाखवायला कॅम्पप्रमुखाचा दाखला लागायचा. असे दाखले मिळवून ज्यांनी कधी नदी पाहिलीही नाही अशांनी पेन्शन घेतल्याची प्रकरणं पुढे बीडमध्ये गाजली. उमरखेड-वाशिमच्या धर्मशाळांत मुलं घेऊन राहिलेल्या बायकांनी कोणाकडे अर्ज करायचा, हा प्रश्न कुठल्याच समितीपुढे आला नाही. नदीच्या पलीकडे परत धाडलेल्या किंवा अलीकडून हाकललेल्या मुसलमान कुटुंबांचाही आला नाही. त्या पिढीतली थोडी माणसं वसमत, औंढा, सेनगावकडे अजून आहेत. तेव्हा ती आईच्या कडेवर किंवा गाडीत धान्याच्या पोत्यावर बसून गेली होती, आणि विचारलं तर सांगतात.